‘ताडून पाहिले’ असे म्हणणारा शिक्का

मित्रांनो, मी एक जुना रबरी शिक्का आहे. शिक्क्याचे तोंड नेहमी खाली असते, हे तुम्ही पाहिले असेल. माझे जरा जास्तच खाली आहे. ते का, हेच आज सांगणार आहे. बोलताना अडखळलो तर सांभाळून घ्या. मला जन्मभर एकच वाक्य बोलायची सवय आहे.

ते वाक्य असे: ‘मूळ प्रतीशी ताडून पाहिले.’

माझा जन्म बाजाराच्या गल्लीतल्या एका चिंचोळ्या दुकानात झाला. एक माणूस, एक स्टूल आणि एक शेगडी, एवढेच त्या दुकानात मावत असे. शिक्के करणारा कारागीर शिशाचे खिळे, म्हणजे अक्षरांचे ठसे, चिमट्याने उचलून उलटे जुळवायचा. उलटे लिहिलेले त्याला सुलटे वाचता येई, आणि सुलटे वाचायची वेळ आली की तो चष्मा शोधत बसे. त्याने माझा साचा घेतला, त्यात रबर दाबून तापवले, कडा कापल्या आणि सुताराकडून कांतून आणलेल्या गुळगुळीत मुठीवर मला चिकटवले. वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर मी पहिल्यांदा उमटलो. अक्षर न् अक्षर स्वच्छ. कारागिराने मान डोलावली आणि मला न्यायला आलेल्या शिपायाला म्हणाला,

“घ्या. आता हा म्हणेल ते खरं.”

“हा कसला म्हणतोय,” शिपाई हसला. “आमच्या बाई म्हणतील, मगच हा म्हणेल.”

त्या बाई कोण, हे मला नगरपालिकेच्या कचेरीत आल्यावर कळले.

कचेरीच्या मागच्या अंगाला एक लांबट खोली होती. दारावर ‘अभिलेख कक्ष’ अशी पाटी होती, पण कचेरीत सगळे तिला रेकॉर्ड रूमच म्हणत. आत लोखंडी मांडण्या, आणि मांडण्यांवर लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे. गावाचे रस्ते झाडणारा, पाण्याची चावी सोडणारा, दिव्यांच्या खांबावर चढणारा, लस टोचणारी, बंब चालवणारा, अशा प्रत्येक कर्मचाऱ्याचे आयुष्य तिथे कागदावर नोंदलेले होते. कामावर कधी लागला, उंची किती, ओळखीची खूण काय, बदली कुठे झाली, शाबासकी कशाबद्दल मिळाली, शिक्षा कशाबद्दल झाली, सगळे त्यात होते. कुणाची बदली झाली की त्याच्या कागदांची नक्कल काढून दुसऱ्या खात्यात पाठवत. नक्कल बरोबर आहे ना, हे पाहून झाले की माझे काम.

आणि ते पाहण्याची एक रीत होती. दोन माणसे समोरासमोर बसत. एकीने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने नकलेवर बोट फिरवत ऐकायचे. वाचणारीला सगळी कचेरी वाचनबाई म्हणायची. सडपातळ बांधा, खणखणीत आवाज. स्वल्पविरामसुद्धा त्या ‘स्वल्पविराम’ असा उच्चारून वाचत. समोर एक स्थूल, मायाळू कारकून बसायचे. प्रत्येक ओळीला ते “हूं” म्हणायचे, म्हणून ते हूंदादा. दुपारच्या जेवणानंतर हूंदादांचा डोळा लागायचा, पण तोंडाने “हूं” चालूच. बाईंना ते लगेच कळे. मग त्या त्याच सुरात वाचायच्या,

“सदर कर्मचारी यांस दोन शिंगे, स्वल्पविराम, एक शेपूट, स्वल्पविराम, व चार खूर आहेत, पूर्णविराम.”

“हूं.”

“दादा!”

“अं? काय झालं?”

“या माणसाला शेपूट फुटलं, आणि तुम्ही त्याला मंजुरी दिलीत.”

सगळी खोली हसायची. हूंदादा डोळे चोळत म्हणायचे, “बाई, साठ वर्षांचा होऊन हा निवृत्त होणार, शेपूट तेवढ्यात गळून पडेल.” पण मग बाई ते पान पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायच्या. अर्ध्यावरून कधीच नाही. आणि शेवटचा “हूं” जागेपणी आला, की मगच मला उचलायच्या. त्यांच्या अंगठ्याखाली माझी मूठ झिजत गेली. तो झिजलेला खळगा मला मेडलासारखा वाटे.

त्या काळी मोठे कारकून म्हणून एक फार काटकसरी गृहस्थ होते. कागदाची एक बाजू कोरी सोडणे म्हणजे त्यांना भरल्या ताटावरून उठल्यासारखे वाटे. पुढच्या बाजूला एक हुकूम लिहिला की त्याच माणसाचा पुढचा हुकूम ते मागच्या बाजूला लिहायला लावत. कचेरीने त्यांचे नाव पाठपोट साहेब ठेवले होते. त्यांना ते माहीत होते, आणि आवडतही असावे.

आता त्या बंबवाल्याची गोष्ट सांगतो.

नगरपालिकेच्या बंबावर एक तरणाबांड जवान होता. मिशा अशा की बंबाची घंटा त्यांना बांधावी. एकदा कापडाच्या एका दुकानाला आग लागली. दुकानाच्या वर मालकाचे राहते घर. जवान धुरात शिरला आणि वरच्या मजल्यावरून म्हातारीला पाठीवर घेऊन उतरला. आग विझली. दुसऱ्या दिवशी मालक म्हणाला, “आमचा दागिन्यांचा डबा गेला. शेवटी आत कोण होता?” शेवटी आत जवानच होता. त्याला निलंबित केले. तो हुकूम त्याच्या फायलीत एका पानाच्या पुढच्या बाजूला लिहिला गेला. त्यात ‘चोरीचा आरोप’ हे शब्द होते.

पुढे डबा सापडला. घरातल्या सुनेने घाबरून तो मागच्या खिडकीतून शेजारच्या चाऱ्याच्या ढिगात फेकला होता, आणि नंतर भीतीने तिची वाचाच बसली होती. मालक स्वतः कचेरीत येऊन रडला. जवान निर्दोष ठरला. त्याला मानाने परत कामावर घेण्याचा हुकूम निघाला, आणि पाठपोट साहेबांनी तो त्याच पानाच्या मागच्या बाजूला लिहायला लावला. बंबखान्याकडे पाठवायची नक्कल ताडण्यासाठी बाईंनी तो वाचला. त्या दिवशी हूंदादांचा “हूं” असा निघाला की मांडणीवरची धूळ उडाली. मग मी नकलेवरच्या त्या ओळींखाली उमटलो. मी तिथे होतो, मित्रांनो. एवढे एक मी नक्की सांगू शकतो.

वर्षे गेली. हूंदादा निवृत्त झाले, आणि काही काळाने वारले. वाचनबाईही निवृत्त झाल्या. जाताना त्यांनी मला पुसून, कागदात गुंडाळून खणात ठेवले. त्यानंतर नकला यंत्रावर निघू लागल्या. यंत्राची नक्कल कोण ताडून पाहणार? खणात टाचण्या, गंजलेला पंच आणि एका मेलेल्या झुरळाच्या संगतीत मी पडून राहिलो. माझे रबर कडक झाले. ‘ताडून’मधल्या ‘ता’चा काना तुटला. आपले दिवस सरले, असे मी समजून चुकलो.

आणि एके दिवशी खण उघडला.

सगळे जुने कागद संगणकात उतरवायचे, असा वरून हुकूम आला होता. खोली भरून चालली होती, वाळवी लागली होती, कागद हातात तुटत होते. काम चांगलेच होते, मी त्याला नावे ठेवणार नाही. एक पांढरे यंत्र आले. त्यात एका बाजूने कागद घातला की दुसऱ्या बाजूने तो बाहेर येई आणि त्याचे चित्र पडद्यावर दिसे. काम एका कारकुनाकडे दिले होते. मनाने चांगला, घरी तान्ही मुलगी, डोळ्यांवर कायम झोप. पण हाताला विलक्षण चपळ. त्याला सगळे झटपट म्हणत. “झटपट, झालं का?” असे कुणी विचारले की त्याचे उत्तर ठरलेले असे, “कधीच झालं! तुम्हीच उशिरा विचारताय.”

नियम असा होता की गठ्ठा उतरवून झाला, की चित्रे मूळ कागदांशी ताडून पाहायची, तसे प्रमाणपत्र लावायचे, आणि मगच मूळ कागद लगदा करायला गिरणीत पाठवायचे. प्रमाणपत्रासाठी शिक्का हवा. म्हणून मला शोधून काढले होते.

झटपटने मला पहिल्यांदा उचलले तेव्हा मला किती आनंद झाला, काय सांगू! जांभळ्या शाईचे नवे पॅड, नवे कोरे कागद. पण मुदत जवळ येत होती. तेव्हा झटपटला एक युक्ती सुचली.

“आधी सगळ्या प्रमाणपत्रांवर शिक्के मारून ठेवू,” तो शिपायाला म्हणाला. “म्हणजे शेवटी धावपळ नको.”

“आणि बघायचं कधी?” शिपायाने विचारले.

“बघू की. पळून जातायत का कागद?”

ठप्, ठप्, ठप्. दुपारभर मी कोऱ्या प्रमाणपत्रांवर उमटत होतो. ‘मूळ प्रतीशी ताडून पाहिले.’ मूळ प्रत अजून फडक्यातून सुटलीही नव्हती. मॅडम, म्हणजे आमच्या अधिकारी, येऊन त्या गठ्ठ्यावर सह्या करून गेल्या. दिवसभर बैठका झाल्याने त्यांचा हात आपोआप चालत होता. मला हे दिसत नव्हते का? दिसत होते. शिक्क्याला मारणाऱ्याचा हात धरता येत नाही, हे खरे आहे. पण माझी खरी लाज ती नाही. लाज अशी की मला तेव्हा वाईट वाटलेच नाही. मला वाटले, पूर्वी दिवसाकाठी मी चार वेळा बोलायचो, आता बघा! पुन्हा कुणालातरी मी हवा आहे, याच धुंदीत मी होतो.

यंत्र पानाच्या दोन्ही बाजू घेऊ शकत होते, पण त्याला वेळ दुप्पट लागे. झटपटने आधी नव्या लोकांचे गठ्ठे घेतले. त्यांच्या पानांच्या पाठी कोऱ्या होत्या. म्हणून त्याने यंत्राला एकच बाजू घ्यायला सांगितले. मग जुने गठ्ठे आले, पाठपोट साहेबांच्या काळातले. यंत्राने पुढची बाजू घेतली आणि पान खाली टाकले. कुणी ते उलटले नाही. गठ्ठे पोत्यांत भरून लगद्याच्या गाडीत चढले, आणि प्रत्येकाच्या प्रमाणपत्रावर मी जांभळा, ठसठशीत, छातीठोकपणे खोटे बोलत होतो.

मॅडमना प्रशस्तिपत्र मिळाले. यंत्रापाशी सगळ्यांचा फोटो काढला. टेबलावर एका कोपऱ्यात मीही आलो आहे.

त्यानंतर एका सकाळी खिडकीपाशी एक बाई आल्या. मध्यम वयाच्या, खांद्याला शिवणकामाची पिशवी. म्हणाल्या, “वडिलांची नोकरीची नोंद हवीय. ते बंबावर होते. बंबखान्यात जुन्या जवानांचे फोटो लावणार आहेत. नोंद स्वच्छ असेल त्यांचेच लावणार. बाबांनी फोटो काढून ठेवलाय, नवा सदरा शिवून घेतलाय माझ्याकडून.”

“लगेच देतो ताई,” झटपट म्हणाला. “पूर्वी यालाच आठवडा जायचा, माहिती आहे?” त्याने खटाखट बटणे दाबली आणि मोठ्या कौतुकाने पडदा तिच्याकडे वळवला.

ती वाचू लागली. वाचता वाचता तिचा चेहरा उतरला. तिच्या मागे रांगेत उभ्या असलेल्या एका माणसाने मान लांब करून पाहिले.

“चोरी? आगीत शिरून चोरी? अरे वा, हात शेकायला आणि हात मारायला!”

एकदोघे हसले.

“हे आमच्या बाबांचं नाहीये,” ती म्हणाली. “दुसऱ्या कुणाचं तरी आलंय.”

“ताई, फोटो बघा ना. एवढ्या मिशा दुसऱ्या कुणाला असतील?” झटपटला तिला दुखवायचे नव्हते, पण त्याला नियम माहीत होता. “आणि खाली शिक्का आहे, बघा. ताडून पाहिल्याचा. चूक असायचा प्रश्नच नाही.”

तिने माझ्याकडे पाहिले. पडद्यावरचा मी, टेबलावरचा मी. त्या नजरेपुढे मला पॅडच्या झाकणाखाली शिरावेसे वाटले.

दुसऱ्या दिवशी ती वडिलांना घेऊन आली. गुडघे वाकलेले, मिशा पांढऱ्या झालेल्या, पण अजून तेवढ्याच. बंबवाले काका खिडकीवर दोन्ही हात टेकून उभे राहिले.

“पान उलट,” ते म्हणाले.

“काय, काका?”

“पान उलट म्हणतो. मागं लिहिलंय.”

“काका, पडद्याला मागची बाजू नसते.”

“मग कागद आण.”

झटपट पडद्याकडे पाहू लागला. शेवटी पुटपुटला, “कागद गेला. लगद्याला गेला. बंबखान्याकडची प्रत असेल की.”

“बंबखाना नव्या जागेत नेला तेव्हाच ती हरवली. तिथूनच येतोय मी.”

“पण तुम्हाला परत कामावर घेतलं होतं ना? मग झालं तर.”

“शिक्षा भोगून घेतलं, असं म्हणतायत तिथले लोक. सुटलो असं कुठं लिहिलंय, दाखवा म्हणतायत.”

मुलगी हळूच म्हणाली, “बाबा, तुम्हाला पण पत्र मिळालं असेल ना? घरी कुठं...”

“फाडलं.” काकांनी तिच्याकडे पाहिले नाही. “तू वाचायला लागलीस तेव्हा फाडलं. निर्दोष म्हणून लिहिलं होतं, पण त्या कागदावरपण चोरी हा शब्द होताच. म्हटलं, पोरीनं तो एक शब्द वाचला आणि पुढचं वाचलं नाही तर? कचेरीत आहे, तेवढं पुरे.”

कचेरीत आहे, तेवढं पुरे! मित्रांनो, माणूस एवढ्या विश्वासाने आपली अब्रू आमच्यापाशी ठेवून घरी गेला होता.

मॅडम बाहेर आल्या. त्यांनी सगळे ऐकून घेतले. म्हणाल्या, “कागद नसेल तर त्या वेळचं कुणी माणूस? ज्यांनी तो हुकूम प्रत्यक्ष पाहिला, असं कुणी लिहून दिलं तर मी नोंद जोडते.”

पाठपोट साहेब केव्हाच गेले होते. हूंदादाही गेले. उरल्या वाचनबाई.

मुलगी त्यांना रिक्षाने घेऊन आली. जाड भिंगांचा चष्मा, हातात काठी. आत आल्यावर त्या आपली जुनी जागा शोधत राहिल्या. तिथे आता यंत्र होते. मग त्यांना मी दिसलो. त्यांनी मला उचलले, आणि त्यांचा अंगठा आपोआप त्या खळग्यात बसला. “काना मोडला रे तुझा,” त्या म्हणाल्या. मला रडता आले असते तर पॅडला शाईची गरजच पडली नसती.

काका समोर हात जोडून उभे होते.

“बाई, एवढंच म्हणा, की तुम्ही ते वाचलं होतं. तुमच्या शब्दाला इथं किंमत आहे.”

बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. “डबा हरवल्याचा गवगवा झाला होता, ते आठवतंय,” त्या म्हणाल्या. “तो सापडला, हेही कानावर आलं होतं. पण तो हुकूम मी वाचला का? त्या सुमारास माझी आई आजारी होती, मी मधून मधून रजेवर असायची. दुसऱ्या कुणी वाचला असेल. भाऊ, मला आठवत नाही हो.”

वाचला होता! तुम्हीच वाचला होता, बाई! मी तुमच्याच हातात होतो! माझ्या रबराच्या कणाकणातून मी ओरडत होतो. पण मला एकच वाक्य येते, आणि त्या वाक्याची मी स्वतःच माती केली होती.

“मावशी, तुमचं काय जातं?” मुलीचा आवाज चढला. “एक सही! तुम्हालाही ठाऊक आहे ते खरं आहे म्हणून!”

“मला वाटतं ते खरं आहे म्हणून. पण मॅडम मला विचारतायत, पाहिलंत का. पाहिल्याशिवाय मी इथं कधी ‘पाहिलं’ म्हटलं नाही, बाळ. आज म्हटलं, तर आजवरचं सगळं म्हणणं वाया जाईल.” त्यांनी मान खाली घातली. “मला लाज वाटते. तुझ्या वडिलांच्या कामाची एवढी एक गोष्ट, आणि नेमकी तीच मला आठवू नये.”

काकांनी जोडलेले हात सोडले. ते भिंतीकडे तोंड करून बाकावर बसले. धुरातून माणसे काढणारा तो माणूस पाठमोरा किती लहान दिसत होता!

आणि तेव्हा यंत्रापाशी बसलेला झटपट उभा राहिला. 

“मी म्हटलंय,” तो म्हणाला.

“काय म्हटलंय?” मॅडमनी विचारले.

“पाहिलं म्हणून. न पाहता. सगळ्याच गठ्ठ्यांवर. शिक्के आधी मारले, कागद नंतर सोडले. पान एकही उलटलं नाही. काका म्हणतायत मागं होतं, म्हणजे असणारच. मला माहिती नाही, कारण मी बघितलंच नाही.” तो बाईंकडे वळला. “तुम्ही एका कागदासाठी एवढ्या अडून बसलात, मावशी. मी पोतीच्या पोती भरून पाठवली.”

मॅडमनी आपल्या खोलीचे दार उघडले. मॅडम म्हणाल्या, “जरा आत या.”

झटपटने बाईंच्या हातून मला घेतले आणि गोंधळून खिशात टाकले. त्यामुळे बंद दाराआडचे बोलणेही मी ऐकले.

“तुम्ही काय बोललात, कळतंय का? उद्या गावातला प्रत्येक जण येईल, माझं मागचं पान कुठंय म्हणून.”

“येऊ देत, मॅडम.”

“तुमच्या नोकरीवर येईल.”

“हो.”

मॅडमनी टेबलावरचे एक प्रमाणपत्र पुढे ओढले. मग मॅडम अगदी हळू म्हणाल्या, “त्या शिक्क्याखाली सही माझी आहे. मीही कुठं उलटलं एखादं पान?”

पाठपोट साहेबांच्या काळातले काही गठ्ठे अजून गाडीची वाट पाहत व्हरांड्यात पडले होते. ते सगळ्यांसमोर सोडले. पान उलटले, की मागे अक्षर. दुसरे उलटले, मागे अक्षर. बढत्या, शाबासक्या, माफीचे हुकूम. शिपाई बघून म्हणाला, “निम्मा गाव पाठीमागंच होता की!” पण या वेळी कुणी हसले नाही.

मॅडमनी काकांच्या नोंदीला एक टीप जोडली. झटपटने आपल्या हाताने लिहून दिलेल्या कबुलीवरून ती केली होती. नोंद मिळाल्यावर मुलगी ती त्याच खिडकीपाशी, मागे रांग असताना, मोठ्याने वाचू लागली:

“या पानाची मागील बाजू उतरवण्यात आलेली नाही. मूळ कागद नष्ट झाला आहे. त्या काळी पुढचे हुकूम मागील बाजूस लिहिले जात. ही नोंद अपुरी असून तो दोष कार्यालयाचा आहे. तिच्यावरून या जवानास दोषी समजू नये.”

‘निर्दोष’ हा शब्द त्यात नव्हता. तो आता कुणालाच लिहिता येत नव्हता. गेलेले पूर्ण परत आले नाही, मित्रांनो. जे हाती आले, ते काकांनी दोनदा वाचायला लावले. मग ते खिडकीत वाकले.

“हे तुझ्या फायलीत जाणार का रे?”

“गेलं, काका,” झटपट म्हणाला. “कामात कसूर, म्हणून ठपका आलाय.”

“तू आपणहून सांगितलंस, ते त्यात आहे का?”

“नाही. तेवढं कोण लिहितं?”

काका सरळ झाले. गुडघे दुखत असूनही ते आत मॅडमच्या टेबलापर्यंत चालत गेले. “बाईसाहेब, या पोरानं आपणहून सांगितलं. ते पण लिहा त्याच्या फायलीत.” आणि मग बोट उगारून म्हणाले, “मागं नको. पुढंच लिहा, ठपक्याच्या शेजारी.”

मॅडमनी पेन उघडले.

आता माझ्याकडे काम नाही, आणि ते योग्यच आहे. राहिलेल्या गठ्ठ्यांचे दोन्ही बाजूंनी चित्र घेतात. दोन माणसे बसून ते पडद्याशी ताडतात, आणि ‘पुढची व मागची बाजू पाहिली’ असे प्रत्येक वेळी हाताने लिहून सही करतात. हळू होते, पण हाताने लिहिताना माणूस जरा थांबतो. रेकॉर्ड रूमची खिडकी वाऱ्याने आपटू नये म्हणून मला फटीत अडकवले आहे. उन्हाने रबराला भेगा पडल्या आहेत. लोक म्हणतात, संगणक आला आणि कागद हरवले. तसे नाही. यंत्राला सांगितले असते तर त्याने दोन्ही बाजू घेतल्या असत्या. बघण्याचे काम आमचे होते. जी पोती गेली, त्यांत आणखी कुणाकुणाचे मागचे पान होते, हे मला कधीच कळणार नाही. त्यांतले काही जण कदाचित हयातही नसतील. त्यांच्यासाठी कुणी खिडकीपाशी येणार नाही.

काकांचा फोटो बंबखान्यात लागला, असे त्यांची मुलगी सांगून गेली. नव्या सदऱ्यातला आहे म्हणे, आणि मिशा चौकटीत जेमतेम मावल्या आहेत. मी तो पाहिलेला नाही. म्हणून ‘लागला’ असे मी म्हणणार नाही. ती तसे म्हणाली, एवढेच सांगतो.

मित्रांनो, माझ्या मुठीची काळजी घ्या, मला तेल लावा, असे काही मी मागत नाही. एकच मागतो. कुणाविषयी काही वाईट वाचलेत, ऐकलेत, की त्यावर आपला शिक्का मारण्याआधी पान उलटून बघा. मागे काही नसेलही. पण नाही, हेसुद्धा बघूनच म्हणा.